ईस्ट-वेस्टची राहिलेली फायनल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घरातले मला 'सीपीयू' म्हणतात. खरे तर सीपीयू म्हणजे माझ्या पोटातला बिस्किटाएवढा एक भाग. पण त्याच्यावरून साऱ्या डब्याला नाव पडले आणि मीही कधी तक्रार केली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला, पहिल्या मजल्यावरच्या एका लहानशा दुकानात मला जोडले गेले. पंखा एका खोक्यातून निघाला, डिस्क दुसऱ्या, पत्र्याचा डबा तिसऱ्या. संध्याकाळी बाबुराव मला न्यायला आले. ते मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात होते. रिक्षात त्यांनी मला मांडीवर घेतले आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवले. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखालची जागा माझ्यासाठी आधीच रिकामी केलेली होती. आईने पडद्याच्या उरलेल्या कापडाचे झाकण शिवले. "हा अभ्यासासाठी आहे," बाबुराव दोन्ही मुलांना म्हणाले. मोठी दर्शना अकरावी सायन्सला होती. धाकटा सुमित नववीत.

महिनाभरात एका मासिकासोबत फुकट आलेली सीडी माझ्यात शिरली. खेळाचे नाव होते 'साइडलाइन'. त्यात तुम्ही फुटबॉल खेळत नाही. तुम्ही संघ चालवता. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाला विकायचे, हे सगळे मैदानाबाहेर बसून ठरवायचे. त्या पहिल्या आवृत्तीत एकही चित्र नव्हते. होती ती फक्त नावे आणि आकडे. प्रत्येक खेळाडूला वेगासाठी, डोक्याने चेंडू मारण्यासाठी, हिमतीसाठी वीसपैकी गुण दिलेले असत. सामना सुरू झाला की एका हिरव्या पट्टीवर इंग्रजी वाक्ये एकामागून एक उमटत. एका दिवसाचे सगळे निकाल काढायला मला इतका वेळ लागे की तोवर घरात चहा होऊन जाई.

पडदाभर तक्ते, तेही इंग्रजीतून! बाबुरावांना वाटले, मुले हिशेबाचे एखादे मोठे सॉफ्टवेअर शिकत आहेत. शेजारचे शिवराम काका आले की ते अभिमानाने पडद्याकडे बोट दाखवत.

"बघा शिवराम, तास-तास उठत नाहीत. वीसपैकी मार्क देतात सगळ्यांना."

"कोणाला देतात?"

"कंपनीतल्या माणसांना असेल. पर्सोनेल डिपार्टमेंटचं काम आहे."

दर्शना मान खाली घालून ओठ चावत बसे. सुमित पाणी प्यायला उठून जाई आणि आतून त्याच्या हसण्याचा आवाज येई.

पुढच्या एका आवृत्तीने हे बिंग फोडले. त्यात खेळाडू पहिल्यांदा दिसू लागले. म्हणजे काय, तर हिरव्या चौकोनात लाल-निळे ठिपके धावू लागले. बाबुराव कामावरून आले, पाठीमागे उभे राहिले आणि पडदा निरखू लागले.

"ह्या टिकल्या कसल्या पळतायत?"

सुमितने माऊसवरचा हात काढून घेतला.

"हा फुटबॉल आहे?" त्यांनी पुन्हा विचारले. मग खुर्ची ओढली. "मग निळ्यांची उजवी बाजू मोकळी का सोडलीय? तिथून गोल खाणार तुम्ही."

तिथूनच गोल बसला. बाबुराव तरुणपणी कंपनीच्या संघाचे गोलकीपर होते, हे मला त्या दिवशी कळले. मुलांनाही तेव्हाच.

त्या खेळात एक सोय होती. एकाच संगणकावर दोघांना दोन संघ चालवता येत. मात्र आपापला संघ लावून दोघांनीही 'कंटिन्यू' दाबल्याशिवाय तारीख पुढे सरकत नसे. एकाने दाबले की पडद्याच्या तळाशी दुसऱ्याचे नाव येई : 'वेटिंग फॉर सुमित' किंवा 'वेटिंग फॉर दर्शना'. खुर्ची एकच होती, म्हणून एक उठे आणि दुसरा बसे.

दोघांनी इंग्लंडच्या खालच्या विभागातले दोन संघ घेतले आणि त्यांची नावे बदलली. दर्शनाने 'डोंबिवली ईस्ट' आधीच पटकावले. सुमितला 'डोंबिवली वेस्ट' घ्यावे लागले. जन्म पूर्वेचा आणि संघ पश्चिमेचा, म्हणून शिवराम काका त्याला 'फितूर' म्हणत. कधी बातमी येई की बर्फामुळे डोंबिवली ईस्टचा सामना पुढे ढकलला आहे. ती वाचून सारे घर हसे.

एकदा दर्शना कॉलेजच्या प्रॅक्टिकलला गेली असताना सुमितला धीर धरवला नाही. त्याने तिच्या वतीने 'कंटिन्यू' दाबले. तेवढ्यात तिच्या गोलकीपरचा करार संपला आणि तो दुसऱ्या संघात निघून गेला. दर्शना भांडली नाही. तिने फक्त बोलणे बंद केले. शेवटी बाबुरावांनी दोघांना समोर बसवले.

"ह्यापुढे दुसऱ्याच्या टर्नला हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. कळलं, सुम्या?"

"आणि ताई तास-तास विचार करत बसली तर?"

"तर तू अभ्यास कर."

मित्रांनो, तो खेळ दरवर्षी नवा होऊन येत असे. ठिपक्यांना हातपाय फुटले. मैदानाला उंची आली, प्रेक्षकांचा आवाज आला. मग प्रशिक्षणाचे वेळापत्रक आले, दलाल आले, पत्रकार परिषदा आल्या. पूर्वी काही हजार खेळाडू असत, ते लाखांवर गेले. देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या गावच्या खेळाडूंचे गुण कळवत, त्यातून ही यादी वाढे. माझी मेमरी दोनदा वाढवली, डिस्क एकदा बदलली. तरी नवी आवृत्ती चालवताना मी धापा टाकत असे आणि माझा पंखा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाई.

पण नव्या आवृत्तीत जुना डाव उघडत नाही. दर वर्षी नवे घ्यायचे तर मागचे सारे सोडायचे. सुमितला नव्याची ओढ होती. दर्शना एके वर्षी म्हणाली, "हा डाव संपवू, मग नवीन." सुमित कबूल झाला. त्या डावात ते कित्येक हंगाम खेळले. दोन्ही संघ तळातून वर चढले, आणि एका वर्षी करंडकाच्या फायनलला समोरासमोर आले.

नेमकी तेव्हाच सुमितला ठाण्यात नोकरी लागली. मग लग्न झाले, तिथेच खोपटला घर झाले. त्याने स्वतःचा लॅपटॉप घेतला. त्यात दरवर्षी नवी 'साइडलाइन' येई. आता तिला सीडी लागत नव्हती. आणि एका आवृत्तीत ती दोघांची सोयही काढून टाकली गेली. एका यंत्रावर एकच माणूस. दुसऱ्याशी खेळायचे तर त्याने त्याच्या घरी, त्याच्या पडद्यासमोर बसायचे.

इकडे त्या फायनलसाठी दर्शनाने तिचा संघ लावून 'कंटिन्यू' दाबले होते. पडद्यावर आले : 'वेटिंग फॉर सुमित'.

सुरुवातीला ती फोनवर आठवण करून देत असे. "येतो गं पुढच्या रविवारी," तो म्हणे. पुढे म्हणू लागला, "ताई, तूच दाब ना माझ्यातर्फे." ती म्हणे, "म्हणजे हरलास की बोलशील, मुद्दाम वाईट टीम लावली." दोघे हसत. मग हा विषयच निघेनासा झाला. ठाणे काही दूर नाही. कदाचित म्हणूनच येणे राहून जाते.

दर्शना एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. तिचे काम नव्या लॅपटॉपवर चाले. मी टेबलाखाली पडून राहिलो. झाकणावर इस्त्रीचे कपडे साठले. माझ्या घड्याळाची गुंडीएवढी बॅटरी संपली, त्यामुळे मला उठवले की दर वेळी तीच तारीख वाटे, जन्मवर्षाची. दिवाळीच्या साफसफाईत दर्शना मला सुरू करी, तो डाव उघडे, तळाची ओळ पाही आणि बंद करी. तिने तिथे हात लावला नाही. लावला असता तर अडवणारे कोणी नव्हते.

गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामे करायचे ठरले. त्याच सुमारास माझ्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. डिस्क बंद पडण्याआधीचा हा आवाज आहे, हे दर्शनाला माहीत होते. तिने डावाची प्रत काढायचा प्रयत्न केला, पण ती अर्ध्यावर अडकली. मग तिने भावाला फोन केला.

"सामान बांधायला येणार आहेस ना?"

"येतोय गं. मृणालला पण आणतो."

"लवकर ये. सामान नंतर बांधू."

मृणाल म्हणजे सुमितची मुलगी, सहावीतली. रविवारी सकाळी दोघे आले. सुमितने माझ्याकडे पाहिले.

"हा अजून आहे? ताई, भंगारात दे ना."

"देते. त्याच्यात तुझा टर्न राहिलाय."

तो हसला. ती हसली नाही. मग त्याने पायातले बूट काढले आणि खुर्ची पुढे ओढली.

मित्रांनो, त्या सकाळी मी जितके कष्ट घेतले तितके कधी घेतले नव्हते. दोनदा उठता उठता बसलो. तिसऱ्या वेळी उठलो. डाव उघडताना डिस्क त्या एका जागी पुन्हा पुन्हा फिरली. दर्शनाने माझ्यावर हात ठेवला होता. शेवटी हिरवा रंग आला, आणि खाली ती ओळ.

"बापरे," सुमित हळूच म्हणाला. "तू खरंच नाही दाबलंस."

"तुझा टर्न होता."

मग त्याने संघ पाहिला. "मी जुनीच टीम ठेवतो. तेव्हा मी जास्त हुशार होतो."

"ते खरंय," आतून आई म्हणाली. "आणि भांडी मी एकटीनेच बांधायची का?"

कोणी उठले नाही. उलट आईच पुसता पुसता वाटी हातात घेऊन दारात आली. बाबुरावांना आता नीट दिसत नाही. ते पडद्याला नाक लावून बसले. मृणाल खोक्यावर बसली होती.

"आत्या, ह्यात मुली नाहीत?"

"नव्हत्या."

"मग तू कशी खेळायचीस?"

"बाहेर बसून."

"आता आहेत. पप्पांच्या नव्या गेममध्ये लेडीजची अख्खी लीग आहे."

"हो?" दर्शनाने पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिले. त्याच क्षणी ईस्टने गोल खाल्ला.

"उजवी बाजू!" बाबुराव ओरडले. "किती वर्षं सांगतोय!"

ईस्टने बरोबरी केली. सामना जादा वेळेत गेला. तिथे वेस्टच्या एका निळ्या खेळाडूने कोपऱ्यातून आलेला चेंडू आत ढकलला आणि शिट्टी वाजली. सुमित खुर्चीवर उभाच राहिला.

"इतकी वर्षं विचार करून हरलीस, ताई!"

दर्शनाने शांतपणे माऊस घेतला आणि 'सेव्ह' दाबले. मी लिहायला गेलो. टक. टक. आणि माझी डिस्क थांबली. पडदा निळा झाला, मग काळा.

मग दर्शना म्हणाली, "सेव्ह झालं नाही. म्हणजे निकाल लागलाच नाही."

"बाबा, बघा ही!" सुमित म्हणाला.

"मी बघितलंय," बाबुराव म्हणाले. "वेस्ट जिंकलं. पण कीपर ईस्टचा चांगला होता."

दर्शना हसता हसता डोळे पुसत होती. ती कशासाठी रडत होती ते मला कळले नाही. मी यंत्र आहे.

सामान त्या दिवशी अर्धेच बांधून झाले. म्हणून सुमितला पुढच्या रविवारी पुन्हा यावे लागले. त्यानंतरचा रविवार तर नव्या भाड्याच्या घरात सामान लावण्यातच गेला. तिसऱ्या रविवारी काही काम नव्हते, तरी तो आला. मृणालने लॅपटॉपवर नवी 'साइडलाइन' उघडली, मुलींची लीग घेतली. संघाचे नाव काय ठेवायचे यावरून आत्या आणि पप्पा भांडले. शेवटी नुसते 'डोंबिवली' ठरले. पण मॅनेजर म्हणून खेळ एकच नाव मागत होता.

"कोणाचं टाकू?" मृणालने विचारले.

सुमितने ताईकडे बोट दाखवले, ताईने सुमितकडे. मग दर्शना म्हणाली, "आजोबांचं."

आता बाबुराव मॅनेजर आहेत. बाकीचे तिघे त्यांचे सल्लागार, आणि तिघांचे एकमत होत नाही. सामन्यानंतर पडद्यावरचे पत्रकार प्रश्न विचारतात, मृणाल ते मराठीत वाचून दाखवते. ठरलेल्या उत्तरांतून एक निवडायचे असते, पण बाबुराव स्वतःचेच उत्तर देतात : "त्यांना सांग, डिफेन्स झोपला होता. आणि चहा सांग."

मी त्यांच्या नव्या घराच्या गॅलरीत आहे. दर्शनाने मला भंगारवाल्याला दिले नाही. माझ्या तारा उघड्यावर जाळून त्यातले तांबे काढतात आणि तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो, हे तिला ठाऊक आहे. ई-कचरा गोळा करणाऱ्यांची गाडी येईल तेव्हा मी जाईन. माझ्यातले तांबे, सोने, शिसे वेगवेगळे होईल. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी टेबलाखाली माझ्यासारखा कोणी असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा सुरू करून पाहा. जे हवे असेल त्याची प्रत वेळेवर काढा आणि त्याला योग्य हाती सोपवा. पण त्यात कोणाची वाट पाहणे अडकलेले दिसले, तर प्रत काढून भागणार नाही. आधी त्या माणसाला फोन करा आणि बोलावून घ्या. आम्ही यंत्रे खूप थांबतो. कायमचे मात्र आम्हाला थांबता येत नाही.