छज्ज्याची सळई

पाठमोरे हे काही सरांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. संध्याकाळी साडेसहाला ते वर्गात यायचे, जुनी वही उघडायचे, फळ्याकडे तोंड करायचे, आणि आठला घंटा झाली की हातांवरचा खडू झटकत तसेच बाहेर पडायचे. दीड तास वर्गाला दिसायची ती त्यांची पाठ आणि शर्टाची बगलेपाशी उसवलेली शिवण. मग नाव पडायला काय मुहूर्त लागतो?

मुकादम तिसऱ्या बाकावर बसायचा. वय पंचेचाळीस, बुटांवर सिमेंट, पोटात कावळे. अख्खा दिवस बांधकामावर उभं राहून आलेला माणूस बाकावर टेकला की डोळे आपसूक मिटतात, त्यात सरांचा आवाज असा की मेलेल्यालाही परत झोप लागावी. तरी तो जागा राहायचा. राहणं भाग होतं.

वीस वर्षं त्याने सळया वाकवल्या आणि बांधल्या होत्या. गेली चार वर्षं सुपरवायझरचं काम बघत होता, पण हंगामी. साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं, “मुकादम, काम तुमचं चोख आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण कंपनीचा नियम आलाय. डिप्लोमा आणा, कायम करतो. नाही आणलात तर परत सळया बांधायला जावं लागेल. माझा नाइलाज आहे.” सळया बांधायच्या म्हणजे दिवसभर उकिडवं बसायचं, आणि मुकादमाच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. डॉक्टर म्हणाला, उभे राहा किंवा खुर्चीत बसा, अधलंमधलं नको. आता सळई बांधणाऱ्याचा सगळा जन्म अधलामधलाच असतो, हे त्या डॉक्टरला कोण सांगणार.

म्हणून हे संध्याकाळचं कॉलेज. बाकीचे विषय सुटले, एक मानगुटीवर बसला होता: आरसीसी. काँक्रीटमध्ये सळया किती, कुठे आणि का घालायच्या, एवढाच विषय. ज्याच्यावर आयुष्यभर पोट भरलं, त्याच विषयात गडी दोनदा नापास. तिसरी खेप शेवटची, त्यानंतर कॉलेज नाव काढून टाकणार होतं.

पहिल्यांदा नापास झाला त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. सर फळ्यावर आकड्यांची आगगाडी सोडायचे, कुठून निघाली नि कुठे चालली, विचारायची सोय नव्हती. विचारलं तर सर वहीकडे बघत म्हणायचे, “पुढे येईल.” पुढे काही येत नसे, घंटा यायची.

दुसऱ्यांदा मात्र जिव्हारी लागलं. पेपरात छज्जा आला होता. दारावरचा छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली पातळ स्लॅब. पुढून तिला आधार नसतो, त्यामुळे ती वरच्या बाजूने फाटायला बघते, म्हणून मुख्य सळई वर लागते. हे मुकादमाला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. सरांनी फळ्यावर मात्र सळई खाली काढली होती. मुकादमाने पेपरात ती वर काढली, बरोबर काढली, आणि दहापैकी शून्य मिळालं. पास व्हायला चार कमी पडले.

पेपर बघायला मिळाला तसा तो सरांकडे गेला. अडला हरी, दुसरं काय. सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच डबा पुसत बसले होते. मुकादमाने आकृती दाखवली, नीट समजावून सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून बोलले.

“तुमचं बरोबर असेल. मी गणिताचा माणूस आहे. हा विषय शिकवणारे सोडून गेले आणि त्यांची ही वही माझ्या गळ्यात पडली. आहे तशी फळ्यावर उतरवतो. वहीच्या बाहेर एक पाऊल टाकलं तर मला काही येत नाही.”

“मग एवढी एक आकृती तरी बदला, सर.”

“बदलली, तर पोरं विचारतील, आणखी काय काय चुकलंय. मला सांगता येणार नाही.” सरांनी डब्याचं झाकण लावलं. “दोन वर्षं राहिली आहेत माझी नोकरीची. तुम्ही आपलं फळ्यावर असेल तसं लिहा. पास होऊन जा.”

मुकादम चांगला तावातावाने भांडायला गेला होता. पण समोरचा माणूस त्याच्याहूनही दमलेला निघाला, आणि दमलेल्याशी भांडायला अंगात बळ लागतं. तो गुमान परत आला.

तिसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी एक मुलगी बसायला लागली. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून छोटी. दिवसा दुकानात हिशेब लिहायची. आकडेमोडीत वाघीण, पण आयुष्यात कधी विटेला हात लावलेला नाही. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “काका, हे सर नक्की कुणाला शिकवतात, फळ्याला?”

“फळा पास होईल बघ पहिल्या वर्गात,” मुकादम म्हणाला.

तिथून जमलं. घंटा झाल्यावर दोघं जिन्यात बसायला लागले. ती गणितं सोडवून दाखवायची, तो त्या गणितांचा अर्थ सांगायचा. ही रिंग कशाला, ही सळई इथेच का वाकवली, काँक्रीटला दाब सोसतो पण ताण का सोसत नाही. हळूहळू आणखी सात-आठ जण पायऱ्यांवर टेकायला लागले. सरांच्या वर्गात झोपून घ्यायचं आणि जिन्यात शिकायचं, असा रिवाजच पडला. कुणीतरी म्हणालं, “मुकादम, तुम्हीच आमचे खरे सर.” त्याला बरं वाटलं. का वाटू नये? सबंध दिवसात तेवढाच अर्धा तास असा होता की कुणी त्याच्यावर ओरडत नसे आणि त्यालाही कुणावर ओरडावं लागत नसे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी छोटीने वही उघडली. “काका, हा छज्जा तेवढा राहिला. सरांनी सळई खाली काढलीय. मला पटत नाहीये. वर की खाली?”

आठ-नऊ तोंडं त्याच्याकडे बघत होती. खरं सांगावं तर उद्या सगळे वर काढणार आणि सगळ्यांचे दहा मार्क जाणार. खरं सांगून वर ‘पण पेपरात खोटं लिहा’ म्हणावं, तर शंभर प्रश्न येणार: का, कसं, मग सरांना कुणी का सांगत नाही. त्या दिवशी स्लॅब भरली होती, सकाळी सहापासून तो पायांवर होता. त्याला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

“खाली,” तो म्हणाला. “खाली काढ आणि पास हो.”

छोटीने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

घरी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवर होती, पाय न थांबवता म्हणाली, “अहो, मग पोरांना खोटंच सांगितलंत की.”

“परीक्षा होऊ दे, मग सांगतो खरं. कागदावर शिकून कुणी छज्जा बांधत नाही.”

“सांगा बरं का आठवणीने. तुमचं सांगतो-सांगतो मला ठाऊक आहे.”

छज्जा पेपरात आलाच. मुकादमाने सळई खाली काढली. वीस वर्षांत हाताने कधी केलं नव्हतं ते पेन्सिलीने केलं, नीट पट्टी लावून. लाज वाटली, नाही असं नाही. पण पुढचा प्रश्न वाट बघत होता.

पेपर झाल्यावर जो तो पांगला. कुणाची बस, कुणाची पाळी. निकाल लागला तेव्हा फोनवर नुसता आनंदीआनंद, जिन्यातले सगळेच्या सगळे पास. अशा वेळी मधेच छज्जा कुठे काढायचा? सांगू सांगू म्हणता राहून गेलं, आणि राहिलेली गोष्ट पुढे विसरायला होते. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तीही विसरली.

मुकादमानेच शब्द टाकला आणि छोटीला त्याच्या साइटवर लावून घेतलं. पोरगी हुशार, नम्र, वही घेऊन पाठोपाठ फिरायची. साहेबही खूश होते. आता फक्त कॉलेजातून सर्टिफिकेट आणायचं, की मुकादम कायम. त्यासाठी त्याने एक दिवस रजा टाकली. दिवसभर खिडकीपुढे रांगेत उभा राहिला, चार ठिकाणी सह्या केल्या, आणि संध्याकाळी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणला. बायकोने हात पुसून तो वाचला आणि कपाटात साड्यांखाली ठेवू का म्हणाली. उद्या साहेबांना दाखवून झाल्यावर ठेव, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साइटवर पोचला तर मागच्या बाजूला दोन दारांवर छज्जे निघत होते. घरमालकाने ऐन वेळी वाढवलेलं काम, त्याला नकाशा कुठला असायला. मुकादम शिडीवर चढला. फळ्यांवर जाळी बांधून तयार होती, तारेची प्रत्येक गाठ पक्की. आणि मुख्य सळई खाली, फळीला लागून.

त्याने खाली वाकून विचारलं, “आणि तो पलीकडचा?”

“तो काल भरला,” खालून सळया बांधणारा म्हातारा फिटर म्हणाला. “मी म्हटलं होतं तुमच्या त्या नव्या बाईंना, सळई वर पाहिजे. त्या म्हणाल्या, मुकादमांनी शिकवलंय. मग म्हटलं, तुमचंच नाव घेतल्यावर आपण कशाला मधे तोंड घाला.”

“टेकू काढले?”

“नाही अजून.”

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. टेकू होते तोवर छज्जा पडणार नव्हता. ते काढले असते की आज ना उद्या, दारातून कोणी ये-जा करताना, वरून आलाच असता खाली. तो शिडीवरून उतरला आणि विटांच्या ढिगावर बसला. छोटी लगबगीने आली. त्याचा चेहरा बघून तिचा उतरला.

“काका, काही चुकलं का? मी अगदी आपल्या जिन्यातल्या वहीप्रमाणे केलं. सरांचं मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून.”



दहाच्या सुमाराला साहेब फेरीवर आले. बगलेत फाइल, आणि आज चेहरा हसरा. मुकादमाने त्यांना आधी मागे नेलं, दोन्ही छज्जे दाखवले आणि म्हणाला, भरलेला तोडावा लागेल. साहेबांचं हसू गेलं. ते छोटीकडे वळले.

“हे तुम्ही बांधून घेतलंत? कुणी शिकवलं तुम्हाला हे? त्या कॉलेजात हेच शिकवतात काय?”

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी तिने वाट शोधली, आणि वाट अगदी सोपी होती. “हो साहेब. आमच्या सरांनी फळ्यावर तसंच काढलं होतं.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. साहेबांनी मान हलवली, त्या कॉलेजाला आणि त्या सरांना दोन शेलके शब्द वाहिले. एवढ्यावर मिटत होतं. मुकादमाने नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याला ते नवं नव्हतं.

“सरांनी नाही,” तो म्हणाला. “तिने मला विचारलं होतं. मी खाली सांगितलं.”

“तुम्ही? वीस वर्षं सळया बांधणारा माणूस? तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं साहेब. मार्क जातील म्हणून सांगितलं नाही. मीही तेच लिहून पास झालोय.”

 साहेबांनी बगलेतली फाइल दुसऱ्या बगलेत घेतली. “तुमचं कायम केल्याचं पत्र आज सहीला काढलं होतं मी. आता राहू दे. वर विचारावं लागेल. आणि खरं सांगू, ते नाहीच म्हणतील.” एवढं बोलून ते गाडीकडे गेले.

 म्हातारा फिटर घण आणायला गेला. छोटी तिथेच होती, नाक ओढत, हातात ती वही.

“काका,” ती म्हणाली, “वर का लागते पण?”

त्याने आजूबाजूला बघितलं. पाण्याने अर्धी भरलेली बादली होती, ती तिच्या हातात दिली. “हात सरळ पुढे धर. कोपरात वाकवू नकोस. कुठे ओढ बसतेय?”

तिने हात लांब केला. हात थरथरायला लागला. “इथे. खांद्यावर. वरच्या बाजूने.”

“मग सळई कुठे हवी?”

“वर,” ती म्हणाली, आणि बादली खाली ठेवली.

अर्ध्या मिनिटाचं काम होतं.