टाकीसारखी तपासलेली होडी

चौऱ्याहत्तर साली आमच्या ह्यांनी चिंचवडच्या सोसायटीच्या अंगणात दोन वर्षं खपून शिडाची होडी बांधली. फळ्या कंपनीत आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या. कंपनीत ह्यांचं काम टाक्या पाण्यानं भरून गळतात का ते तपासायचं, म्हणून होडीही नळी लावून काठोकाठ भरली.

"दोन दिवसांत थेंब गळला नाही!" हे मिरवत म्हणाले.

"अहो, होडीत पाणी बाहेरून शिरतं!" मी ओरडले.

तिसऱ्या दिवशी नळ कोरडे. शेजारच्या कुसुमताई बादली घेऊन आल्या, त्यांच्यामागे अख्खी सोसायटी.

होडीनं पवना नदी अजून पाहिलेली नाही. मंगळवारी नळ बंद असतो, म्हणून सोमवारी आम्ही होडी भरून ठेवतो. शीड तेवढं कामी आलं. पाण्यात कचरा पडू नये म्हणून वर झाकलंय.