सहाच्या क्लासचा रस्ता

"मॅडम, माझ्याकडे लक्षच देऊ नका," म्हणत मॅनेजर शेवटच्या, तेराव्या सायकलवर बसला, आणि मॅडमचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

कारणही तसंच होतं. जिममधल्या सकाळी सहाच्या सायकलिंग क्लासला मॅडमना ठेवायचं की भिंतीवर मोठा पडदा लावून व्हिडिओवरच क्लास घ्यायचा, हे तो आज ठरवणार होता. पडद्यावरच्या बाईचे गुडघे दुखत नाहीत, तिला रजा लागत नाही आणि तिचं वय वाढत नाही. तिन्ही बाबतींत मॅडम कमी पडत होत्या.

त्यांचा सगळा भरवसा गाण्यांवर. सायकली जागच्या हलत नाहीत. मग रस्ता गाण्यांनीच बनवायचा. जड ठेका म्हणजे चढ, जलद ठेका म्हणजे पळापळ, आणि व्हायोलिन लागलं की क्लास संपला, सायकलवरून उतरायचं. नऊ वर्षांत बारा जण असे तयार झाले होते, की तोंडाने सांगायची गरजच उरली नव्हती. घरी कपडे धुण्याचं मशीन फिरू लागलं तरी मॅडमचा पाय हले, नवरा विचारी, "चढ आहे का गं?"

आज मात्र घाबरलेल्या अंगठ्याने फोनवर भलतंच बटण दाबलं आणि गाणी पत्त्यांसारखी पिसली गेली. पहिलंच लागलं व्हायोलिन.

बाराही जण शिस्तीत खाली उतरले. कोरडे चेहरे टॉवेलने पुसले. पोटऱ्या ताणल्या.

"आज अजिबात दमलो नाही," दातांचे डॉक्टर समाधानाने म्हणाले.

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. "मॅडम, दोनच मिनिटं झालीत."

तेवढ्यात चढाचं गाणं लागलं, आणि सगळे धडपडत परत सायकलींवर चढले. ते बघून मॅडमना हसू आवरेना. फोनकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"घराला कुलूप लावायचं राहिलंय," त्या ओरडल्या. "मागे फिरा. चढ आहे."

पुढचं गाणं निघालं पळापळीचं.

"कुलूप लावलेलंच होतं. आता बस चुकतेय, पळा."

"पण लावलं कोणी?" मॅडमच्या थोरल्या जाऊबाईंनी धापा टाकत विचारलं.

"तुमच्या दिरांनी. मला सांगितलं नाही, एवढंच."

क्लास इतका हसला की डॉक्टरांचा पाय पॅडलवरून सुटला. बस अर्थातच चुकली, कारण पुन्हा चढ लागला. मॅनेजरचा शेरे लिहायचा कागद केव्हाच खाली पडला होता.

"अजून किती चढ आहेत, मॅडम?"

"मला तरी कुठे माहीत? चालवत राहा."

पाऊण तासाने गाणी संपली. सगळे उतरले, मॅनेजरचे पाय ऐकेनात. मॅडमनी हात पुढे केला, तो धरून तो कसाबसा जमिनीवर आला.

"पडदा दुपारच्या क्लासला लावू," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सकाळी तुम्हीच. उद्या कुठे जायचंय?"

"ते आत्ताच कसं सांगू?"

सगळे गेल्यावर मॅडम फडकं घेऊन सीटा पुसू लागल्या. तेरावी सगळ्यांत ओली होती. ती त्यांनी दोनदा पुसली, आणि तिचं हँडल मॅनेजरने लावलं होतं त्याच उंचीवर राहू दिलं.