वासराचा खोकला

कंडक्टरने आयुष्यभर माणसं कोंबली. "पुढे सरका, आत जागा आहे," हे तो अशा गाडीत म्हणत आला, जिथे जागा नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाला आणि बायकोच्या माहेरच्या शेतावर राहायला आला. इथे जागाच जागा होती. सरकायला माणूस नव्हता.

उन्हाळा बरा गेला. थंडीने मात्र पिसं काढली. पहाटे हौदावरची बर्फाची पापडी फोडायची, गाईखालचं ओलं गवत काढून कोरडं पसरायचं, मग सरपण. कुऱ्हाड लाकडाला कमी आणि जमिनीला जास्त लागायची. बायको लांबून म्हणायची, "नांगरून झालं की लाकडंही फोडा हो."

कामाचं त्याला काही वाटत नव्हतं. जीव खात होती ती शांतता. शहरातल्या खोलीत वरचा भाडेकरू रात्री खुर्ची ओढायचा, खाली दुकानदार भांडायचे, आणि दिवसभर बसमध्ये कुणी कुणाच्या पायावर पाय दिला याचे निवाडे करायला हा होताच. इथे वाद घालायला एक गाय होती. ती सगळं मान्य करायची.

अशात त्याच्या जुन्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा फोन आला. "हिवाळाभर माझ्याकडे ये. बाल्कनी बंद करून खोली केलीय. खाली बाजार, दिवसरात्र कटकट. तुला मस्त झोप लागेल."

सोमवारी निघायचं कंडक्टरने मनाशी पक्कं केलं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं, आणि ते रोजच राहत गेलं. त्याऐवजी त्याने तिची सोय लावायला घेतली. रविवारी ती बाजाराला गेल्यावर गोठ्याच्या खिडक्या, छपराखालच्या फटी, सगळीकडे पोती ठासली. हिवाळ्यात बसच्या काचा लावतात तसं. गाय-वासरू उबेत राहतील, बायकोला सारखं बाहेर यायला नको. पुण्य केल्यासारखा तो गाढ झोपला.

सकाळी बायकोने गोठ्याचं दार उघडलं तर आतल्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी आलं. भिंती ठिबकत होत्या. वासरू पाठ वाकवून खोकत होतं.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं. जणू शेतावर दहा माणसं राहत होती.

"मीच. थंडी लागू नये म्हणून."

"अहो, त्यांच्या श्वासाची वाफ कुठून जायची? कोरडी थंडी सोसते त्यांना, ओल नाही सोसत. माझ्या बापाने कधी ही खिडकी लावली नाही."

ती पोती उपसू लागली. तोही उपसू लागला. उपसता उपसता म्हणाला, "मी नसताना तुला त्रास नको, म्हणून केलं गं."

तिचा हात थांबला. "नसताना म्हणजे?"

मग त्याने सगळं सांगितलं. ड्रायव्हर, बाल्कनी, बाजार, आणि आज सोमवार असल्याचंही.

तिने फटीतलं आणखी एक पोतं ओढून काढलं. मग म्हणाली, "शहरातल्या आपल्या खोलीच्या खिडकीशी मी संध्याकाळी उभी राहायचे, आठवतं?"

"कपडे वाळत घालायला."

"कपडे मी सकाळी घालायचे."

"मग काय करायचीस?"

"समोर भिंतच होती. तिच्याकडे बघत या गोठ्याचा वास आठवायचे. इतकी वर्षं. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही." तिने पोतं झटकलं. "तुम्हाला अडवत नाही मी. जा. पण अशी पोती कोंबून गुपचूप जाऊ नका."

त्याने वासराच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे खोकतंय," तो म्हणाला. "माझ्यामुळेच. बरं होईपर्यंत थांबतो."

"थांबा. वासराचा खोकला लांबतो कधीकधी."

दुपारी त्याने ड्रायव्हरला कळवलं, घरात आजारपण आहे. ड्रायव्हरने काही न विचारता फोन खिडकीबाहेर धरला. खाली कुणीतरी कुणाच्या तरी हातगाडीवरून कुणाचा तरी उद्धार करत होतं. कंडक्टरने डोळे मिटून सगळं भांडण शेवटपर्यंत ऐकलं. मग उठला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला.

वासराचा खोकला दोन-तीन दिवसांतच थांबला. ते त्याच्या लक्षात आलं, तिच्याही आलं. तरी दोघं रोज आळीपाळीने गोठ्यात जायचे, वासराच्या छातीला कान लावायचे, आणि परत येऊन एकमेकांना गंभीरपणे सांगायचे, "अजून थोडा आहे."