एकतीस नावांपुढची लाल खूण

मी एक लाल खूण बोलतेय. ईमेलच्या प्रोग्राममध्ये पत्त्यांची यादी असते आणि काही नावांपुढे नखाएवढा रंगीत चौकोन दिसतो, तो चौकोन म्हणजे मी. ऑफिसात मला कॅटेगरी म्हणतात. माझं नाव 'दुर्मीळ गट'.

माझा जन्म एका रक्तपेढीत झाला, तळमजल्यावर, दिवसभर फ्रीज घरघरणाऱ्या खोलीत. तिथे नोंदणी करणाऱ्या बाईंनी मला बनवलं. कागदाला कागद टोचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. हजारांत एखाद्याचाच असतो अशा रक्तगटाची माणसं त्या शोधत. कुणाचा पत्ता दुसऱ्या दवाखान्यातून मिळे, कुणाचा लग्नातल्या ओळखीतून. ही माणसं रक्तपेढीच्या नोंदवहीत नव्हती. "बोलावलंत तर येईन" एवढाच त्यांचा शब्द होता, आणि त्या शब्दाची खूण मी.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा एकदा म्हणाला, "बाई, एकेक काय करत बसता? सगळी नावं निवडा, एकदम रंग लावा."

"फोनवर बोलल्याशिवाय मी कुणाला लाल करत नाही," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांत एकतीस माणसं झाली. दर सहा महिन्यांनी बाई सगळ्यांना फोन करत, गुडघे कसे आहेत, मुलगी कितवीत गेली, असं विचारत. मला वाटे, आपलं बरं चाललंय.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ वाईट नव्हते. टेबल लख्ख ठेवत, वेळेवर येत. वरून हुकूम आला होता की सगळ्या शाखांमध्ये सातच कॅटेगऱ्या असाव्यात. आमच्याकडे होत्या त्रेचाळीस. "लाल यादी तेवढी सांभाळा," असं बाईंनी जाताना सांगितलं होतं. या नव्या साहेबांनी मानही डोलावली होती. पण त्यांना वाटलं, रक्तगट तर नोंदवहीत असतोच, इथे पुन्हा कशाला?

एका सकाळी चहा निवायच्या आत काम उरकलं. पहिल्या नावावर टिचकी, शिफ्ट दाबून शेवटच्या नावावर टिचकी. चार हजार दोनशे नावं एकदम निळी झाली. सगळ्या कॅटेगऱ्या काढा. सगळ्यांना 'दाते' लावा. मला तीस नावांवरून उतरायला क्षणही लागला नाही. प्रोग्रामने काही विचारलं नाही. "झालं एकदाचं," ते म्हणाले आणि प्रोग्राम बंद करून जेवायला गेले. बंद केल्यावर मागे फिरायची वाटही बुजली.

चार महिन्यांनी, दुपारी, एक सुतार येऊन बाकावर बसला. शर्टावर लाकडाचा भुसा तसाच होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं, रक्त थांबत नव्हतं, आणि तिचा गट माझा होता. फ्रीजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती.

साहेबांनी यादी उघडली. शोधलं. पुन्हा शोधलं. मग कपाळाला हात लावून त्यांनी टाचणीबाईंना फोन केला.

"एकतीस होते हो," बाई म्हणाल्या. "मला आठच आठवताहेत." मग हळूच म्हणाल्या, "यादी होती ना तिथे?"

साहेबांनी कागद पुढे ओढला. त्यांनी नावं लिहून घेतली. चौघांचे फोन लागले नाहीत. दोघं परदेशी होते, एक तापाने पडलेली. आठवा एक ट्रकचालक. तो म्हणाला, "मी लांब आहे, पण निघालो."

सुताराची बायको पाच वाजता गेली. ट्रकचालक सहाला आला, जिन्यातच बाही वर करत. त्याला कुणी काही सांगेना. शेवटी सुतारच उठला.

"इतक्या लांबून आलात," तो म्हणाला. "पाणी तरी प्या."

तेव्हापासून साहेब रोज दुपारी यादी वरपासून धरून फोन करतात, "आपला रक्तगट कोणता?" म्हणून. लोकांना ती फसवणूक वाटते, ते फोन ठेवून देतात. साडेतीनशे फोनांमधून एक माणूस मिळाला, त्याचंही रक्त द्यायचं वय उलटून गेलेलं.

परवा त्यांना मी सापडले. 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये एकाच नावापुढे मी उरले होते. बाईंनीच तो पत्ता तिकडे हलवला होता, पण त्याची खूण काढायला त्यांचा हात धजावला नव्हता. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी घाईने नंबर फिरवला.

"बाबांना जाऊन तीन वर्षं झाली," पलीकडून मुलगी म्हणाली. "कोण बोलतंय?"

तर मी आहे ती अशी, गेलेल्या माणसाच्या नावापुढे. माझ्या उरण्याचा आता कुणाला उपयोग नाही. तुम्ही कधी यादी साफ करायला बसलात आणि एखाद्या खुणेचा अर्थ लागला नाही, तर ती लावणाऱ्याला आधी विचारा. एवढंच मागणं आहे, आणि तेही आमच्या कामी येणार नाही.

साहेबांनी फोन ठेवला. माझ्यावर माउसचा बाण नेला आणि पुन्हा बाजूला घेतला. हल्ली ते काहीच पुसत नाहीत.