पुसायला लागणारा वेळ

सकाळचं ऊन त्या खोलीत कधी एकदम येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीला जरा टेके, मग खिडकीच्या गजांमधून अंग चोरून आत शिरे आणि फरशीवर एक तिरकी, फिकट पट्टी अंथरून बराच वेळ तसंच पडून राही. मग ती पट्टी सरकू लागे. खुर्चीच्या पायावरून, वाळत घातलेल्या टॉवेलच्या कडेवरून, पलंगाखालच्या चपलांवरून. तिच्यात धूळ संथपणे तरंगे. त्यात पाहण्यासारखं काहीही नव्हतं, आणि तो रोज ते पाहत बसे. शेवटी ऊन पलंगाशेजारच्या पांढऱ्या यंत्रावर चढे, त्यावरचा हिरवा दिवा उजेडात विरघळून जाई, आणि यंत्र चालू आहे हे मग फक्त कानांना कळे. त्या यंत्रातून निघालेली पारदर्शक नळी आईच्या नाकापर्यंत गेली होती.

"चहा गार होतोय," आई म्हणाली. "उन्हाकडे काय बघतोस? ते काही पळून जात नाही."

ताई डबा भरत होती. "डॉक्टर परवा काय म्हणाले ते याला पुन्हा सांग गं. पालथ्या घड्यावर पाणी!"

"उन्हाळ्यापर्यंत ऑक्सिजन लागेल," तो म्हणाला. "मग यंत्र परत करायचं."

"असं ते म्हणाले नाहीत."

"मी म्हणतोय."

"वा, डॉक्टरसाहेब!" ताईने डब्याचं झाकण गरजेपेक्षा जोरात दाबलं. आईला हसू आलं, हसताना धाप लागली, आणि विषय तिथेच मिटला.

यंत्र तो नोकरी करत असे त्याच कंपनीचं होतं, जुन्या बनावटीचं, ऑफिसातून मागून आणलेलं; उन्हाळ्यात परत करतो, असं त्याने तिथेही सांगून ठेवलं होतं. अशी यंत्रं अजून पुष्कळ घरांत पलंगांशेजारी गुरगुरत होती. त्यांचा बूटलोडर तो सांभाळत असे. वीज आली की यंत्रात सर्वांत आधी जागा होणारा हा एवढासा प्रोग्रॅम. तो वीज गेली तरी नोंदी जपणाऱ्या फ्लॅश मेमरीचा एक कोपरा पुसतो, तिथे नवी नोंद लिहितो आणि मगच बाकीच्या यंत्राला उठवतो. मेमरीच्या चिपशी बोलणारा त्यातला भाग म्हणजे ड्रायव्हर. नव्या यंत्रांत नवी चिप होती, जुन्यांत जुनी. म्हणून ड्रायव्हरही दोन होते.

त्या दिवशी संध्याकाळी या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळ्या यंत्रांना जायची होती, आणि ती बूटलोडरच्या ठरलेल्या जागेत मावत नव्हती.

"जुना ड्रायव्हर काढून टाक," ऑफिसातल्या सकाळच्या बैठकीत गटाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "नवाच दोन्ही चिपना चालेल. चिपना कळणाऱ्या आज्ञा त्याच आहेत."

"आज्ञा त्याच आहेत, पण जुनीला पुसायला वेळ लागतो. झिजली की आणखी लागतो. आपण 'झालं का?' विचारतो आणि ती उत्तरच देत नाही. नवा ड्रायव्हर तेवढा थांबत नाही. चिप मेली असं समजतो आणि यंत्र उठवतच नाही."

"तुझा अंदाज."

तो उठला. एरवी बैठकीत त्याची नजर टेबलावरून वर येत नसे. त्याने कपाटातून जुन्या यंत्रातली, बरीच वापरलेली एक सर्किटची पट्टी काढली, तिच्यात जुना ड्रायव्हर वगळलेली मॅडमची आवृत्ती भरली आणि वीज दिली. दोघे तिच्यावरच्या दिव्याकडे पाहत राहिले. दिवा लागला नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पण हे यंत्र आपण विकणं कधीच बंद केलंय. बंद पडलं तर लोक नवं घेतील. विक्रीवाले तर नाचतील."

"मी हा ड्रायव्हर काढणार नाही."

"मग मी काढते."

"काढा. पण ज्या घरातलं यंत्र उठणार नाही, त्या घरी फोनही तुम्हीच करा. तिकडे कोणीतरी श्वासासाठी थांबलेलं असेल. त्यांना सांगा, आम्हाला थोडा वेळ थांबायचा कंटाळा आला."

त्याची मान खाली गेली नाही. शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली.

"जागा कुठून आणशील?" मॅडमचा आवाज खाली आला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा."

त्याने बूटलोडरचा कण न् कण चाळला. शब्द कापले, दोनदा लिहिलेलं एकदा केलं, तरी पुरेना. मग त्याला ते दिसलं. यंत्र सुरू होताना पडद्यावर झळकणारं कंपनीचं बोधचिन्ह, निळ्या लाटेचं, साहेबलोकांच्या हौसेनं बसवलेलं. ते एकटंच जुन्या ड्रायव्हरच्या कितीतरी पट जागा अडवून ऐसपैस बसलं होतं. त्याने क्षणभरही विचार न करता ते उडवलं. जुन्या आणि नव्या, दोन्ही सर्किट-पट्ट्यांवर आवृत्ती भरली. नवीचा दिवा झटकन लागला. जुनीने तिचा वेळ घेतला आणि मग तिचाही लागला.

"कंपनीचं चिन्हच काढलंस?" मॅडम किंचाळायच्या बेतात होत्या.

"पुढे मुख्य पडद्यावर आहेच ते. आणि धाप लागलेला माणूस चिन्ह बघत नाही, मॅडम."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मॅडमनाही हसू आवरलं नाही. "वरचे मला फाडून खातील."

"माझं नाव सांगा."

"सांगणारच आहे." त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "तू जिंकलास. आता एवढंच सांग, कारण वर मला उत्तर द्यायचंय. हा जुना ड्रायव्हर अजून किती वर्षं सांभाळायचा?"

"दहा," तो ताडकन म्हणाला. "लागली तर त्याहून जास्त. मी सांभाळीन."

"दहा?" त्यांच्या स्वरात आता टोमणा नव्हता. "अरे, पण तुझ्या आईचं यंत्र तर तू लवकरच परत करणार होतास ना?"

त्याने जुनी पट्टी जवळ ओढली; तिचा दिवा अजून लागलेला होता. दहाचा आकडा त्याने मागे घेतला नाही.

आईची फुप्फुसं बरी होणार नव्हती. परवा डॉक्टर हेच म्हणाले होते.