नववी ओळ

तक्त्यावर नवव्या ओळीशेजारी एक डाग होता. नखाएवढा, मध्ये गडद तपकिरी आणि कडेला फिकट. एकच थेंब सांडून वाळला असता तर उलट झालं असतं. कड गडद राहिली असती आणि मधला भाग फिका. हा डाग एका दिवसाचा नव्हता. त्याच जागी, पुन्हा पुन्हा, थोडा थोडा पडत आला होता.

मुनव्वरा बाकावरून उठून तो जवळून पाहत होती. वकिलाच्या खोलीत वाट पाहताना करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि सुकामेव्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काढल्यावर नजर आपोआप अशा गोष्टींवर जात असे. तक्ता जुनाच होता. टाइप केलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवून खिळ्याला टांगलेला. डावीकडे कामाचा प्रकार, उजवीकडे फी. फी वाढली की वकील होतमअका नव्या आकड्याची पट्टी जुन्या आकड्यावर चिकटवत. घटस्फोटाच्या ओळीवर पट्ट्यांचा थर इतका जाड झाला होता की तो लांबूनही दिसे. वारसा, पोटगी, जमिनीची हद्द, सगळीकडे दोन-चार थर. नवव्या ओळीवर एकही पट्टी नव्हती. ‘बेपत्ता व्यक्तीस मृत घोषित करणे : ७०० सोमोनी.’ आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा इथे आली, तेव्हाही सातशेच होते.

डाग तिचा असणं शक्य नव्हतं. तिने तक्त्याला कधी हात लावला नव्हता. ती बाकावरूनच वाचत असे.

टेबलापाशी एक दाढीवाला माणूस होतमअकांशी हुज्जत घालत होता.

“घटस्फोटाला पाचशे आणि हद्दीच्या दाव्याला बाराशे? अका, जमीन हातभर आहे.”

“हातभर आहे म्हणूनच. एकरभर असती तर तुम्ही दोघांनी वाटून घेतली असती.”

“पण घटस्फोटापेक्षा जास्त?”

“घटस्फोटात दोघांनाही सुटायचं असतं. हद्दीत कुणालाच सुटायचं नसतं. माझा मागचा हद्दीचा दावा चौदा वर्षं चालला. सुरू झाला तेव्हा मला केस होते.”

माणसाने तक्त्याकडे पाहिलं. “आणि खुनाला किती?”

“तिथे आकडा नाही, ‘बोलून ठरेल’ असं लिहिलंय. पण तुम्ही तो भाव विचारलात हे शेजाऱ्याला कळू देऊ नका.”

माणूस हसावं की नाही अशा चेहऱ्याने उठला आणि विचार करून येतो म्हणाला. ते सगळेच म्हणत. होतमअकांनी दार लागेपर्यंत वाट पाहिली, चष्मा काढला आणि अंगठ्याने डोळे दाबले. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे होते.

“या, मुनव्वरा. जर्दाळूला कळ्या आल्या म्हणजे तुम्ही येणारच. बसा.”

त्यांनी रीतीप्रमाणे पेल्यात हिरवा चहा ओतला, किटलीत परत टाकला, पुन्हा ओतला. मुनव्वराने पर्स मांडीवर घेतली.

“यंदा फी काय आहे, अका?”

“तीच.”

“महाग आहे.”

होतमअकांनी मान हलवली. “गेल्या वर्षी मी चारशे म्हणालो होतो. त्याच्या आदल्या वर्षी हप्त्याने द्या म्हणालो. तेही महागच पडलं. यंदा तुम्ही आकडा सांगा, मी हो म्हणतो.”

मुनव्वराने पर्सच्या चापाशी चाळा केला. आत पाकीट होतं, कोपरे झिजून गोल झालेलं. ती ते दरवर्षी इथे आणायची आणि दरवर्षी तसंच घरी न्यायची.

“पाचशेत घटस्फोट होईल,” होतमअका म्हणाले. “बेपत्ता माणसापासून तो लवकर मिळतो. समोरून कुणी आडवं येत नाही.”

“माझं त्यांच्याशी भांडण नाही.”

“माहीत आहे. आणि त्याने घराचं कामही होणार नाही. मी आपलं भाव सांगतो. सवय झाली आहे.”

घराचं काम दोघांनाही पाठ होतं. बर्फ वितळून फुगलेल्या नदीने मागच्या दोन उन्हाळ्यांत अंगणाचा अर्धा भाग नेला होता. काठावरच्या सात घरांना वरच्या पठारावर जागा मिळणार होती, पण ज्याच्या नावावर घर आहे त्याने जूनच्या एक तारखेपर्यंत येऊन सही करायची होती. मुनव्वराच्या घराच्या कागदावर फायजअलीचं नाव होतं. फायजअली, तिचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी रशियात सुरगुतला बांधकामावर गेला. शेवटच्या फोनवर त्याने तिकडच्या बटाट्यांना चव नाही अशी तक्रार केली होती. नंतर काही नाही. मुकादम म्हणाला, तो काम सोडून गेला. पोलिसांकडून एक पत्र आलं, दीड वर्षाने दुसरं आलं. दोन्हींत एकच मजकूर होता. तीन वर्षं बातमी नसली की कोर्टात अर्ज करता येतो, हे तिला होतमअकांनीच सांगितलं होतं. अर्ज, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, सुनावणी, असे दोन महिने तरी जाणार. म्हणजे अर्ज याच आठवड्यात जायला हवा होता. पुढच्या वसंतात येऊन महाग आहे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

“झाडापर्यंत किती राहिलं?” होतमअकांनी विचारलं.

“तीन मीटर सत्तर.”

अंगणातल्या अक्रोडाच्या बुंध्यापासून काठापर्यंत ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप लावत असे.

“मग आता अडतंय कुठे? पैशाचं मला सांगू नका.”

मुनव्वरा पेल्यात पाहत राहिली. “सासूबाई आहेत. दर महिन्याला दुकानाजवळच्या यंत्रापाशी जाऊन मुलाच्या फोन नंबरवर पाच सोमोनी भरतात. नंबर बंद पडू नये म्हणून. ऐंशीला आल्या आहेत, गुडघे धरून चालतात, पण तिथे जायचं चुकवत नाहीत. कोर्ट त्यांना बोलावेल ना?”

“बोलावेल. आईला विचारतातच.”

“तुमचा मुलगा मेला असं तुम्हाला वाटतं का, असंच विचारतील ना?”

“शब्द जरा बरे असतात. पण तेच.”

“ते त्यांना माझ्यामुळे विचारलं जाणार. आठ वर्षं मी हेच टाळतेय.”

चष्म्याच्या काचा होतमअकांनी कोटाच्या अस्तराला पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि पुन्हा पुसल्या. मग उठून ते भिंतीतल्या कपाटाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात निळी वाटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत त्यांनी चहाबरोबर साखरेच्या खड्यांशिवाय काही दिलं नव्हतं.

वाटीत अक्रोड होते.

मुनव्वराने एक उचलला. तो लांबट होता, टोकाशी चोचीसारखा निमुळता, आणि शिवणीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच. तिने दुसरा उचलला. तोही तसाच. बाजारात गोल अक्रोड येतात. कारखान्यात तालुक्याभरातून माल येतो, पण या आकाराचा एकही नग तिने तिथे पाहिला नव्हता. हा अक्रोड तिने फक्त एका झाडाखाली वेचला होता.

तिने मान वळवून तक्त्याकडे पाहिलं. ओल्या अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रस आधी रंगहीन असतो. हवा लागली की तपकिरी होतो, आणि मग कागदावरून, कापडावरून, कातडीवरून कशानेच जात नाही. साली निघतात सप्टेंबरात. तेव्हा तिच्या घरात एकाच माणसाची बोटं महिनाभर काळी असतात. त्या माणसाला आता चष्म्यानेही नीट दिसत नाही, आणि वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागतं.

“हे तुम्हाला कुणी दिले?”

“एका अशिलाने.”

“ओले देतात? सालीसकट?”

“इथेच बसून सोलून देतात. नको म्हटलं तरी.”

“दरवर्षी?”

होतमअकांनी पेला उचलला. “मुनव्वरा, पंचेचाळीस वर्षं मी तोंड बंद ठेवण्याचे पैसे घेतले. माझ्याकडे कोण येतं आणि काय विचारतं, ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.”

“मी विचारत नाही.”

“पण फीबद्दल विचारलंत तर सांगेन. फी तक्त्यावर आहे, ती सगळ्यांसाठी उघडी आहे.” त्यांनी तक्त्याकडे बोट केलं, पण नजर चहातच ठेवली. “ती अर्जाची आहे, माणसाची नाही. अर्ज करणारा एक असो की दोघं, नवव्या ओळीला सातशेच.”

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. मुनव्वरा उठली. एक अक्रोड तिच्या मुठीतच राहिला होता. तो तिने कोटाच्या खिशात टाकला. होतमअकांनी ते पाहिलं.

घरी आली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. सासू त्या उजेडात बसून मोशकिचिरीच्या खिचडीसाठी मूग निवडत होती. ताट डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेलं, खडे हाताला लागतील तसे बाजूला होत होते. तिची बोटं या दिवसांत स्वच्छ असत. नखांच्या मुळाशी तेवढी एक जुनी रेष होती.

मुनव्वराने डोक्याचा रुमाल सोडला, हात धुतले आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या दुसऱ्या बाजूला बसली. खिशातला अक्रोड काढून तिने ताटाशेजारी ठेवला.

म्हातारीने तो पाहिला, पण उचलला नाही. मुगातले दोन खडे तिने काढले, मग तिसरा.

“यंदा किती सांगितली?” तिने विचारलं.

“सातशे.”

“मलाही सातशेच.”

“मग तुम्ही काय म्हणालात, ओचा?” सासूला ती ओचा, म्हणजे आई, म्हणत असे.

“महाग आहे म्हणाले. आणखी काय म्हणणार?”

मुनव्वराने मान खाली घातली. हसू आलं होतं की दुसरं काही, ते तिचं तिलाही कळलं नाही. मग तिने विचारलं, “कधीपासून जाता?”

“शहनोज तिसरीत होती.”

शहनोज, मुनव्वराची मुलगी, आता खुजंदला परिचारिकेचं शिक्षण घेत होती. म्हणजे मुनव्वरा पहिल्यांदा गेली त्याच वर्षी. एकीने वसंतात विचारलं होतं, दुसरीने पानगळीत.

“त्या टकल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं,” ओचा म्हणाली, “कोर्ट बायकोला बोलावतं आणि विचारतं. म्हटलं, पोर चाळिशीचीही नाही. तिला उभं करून हे विचारायला लावू? राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

“मग तो नंबर? दर महिन्याला पैसे भरता ते?”

“तू कधी तो नंबर लावलास आणि दुसऱ्याच कुणी उचलला, तर?”

“मी सहा वर्षांत लावलेला नाही.”

“मला काय माहीत,” ओचा म्हणाली. “तू सांगतेस कुठे काही.”

तिने ताट हलवून मूग सारखे केले. पुन्हा पाहायला सुरुवात केली, वरच्या कडेपासून, जणू आधीचं निवडणं धरायचंच नव्हतं. मुनव्वरा ते पाहत राहिली. प्रयोगशाळेत जर्दाळूचा नमुना ओव्हनमध्ये वाळवून तोलतात, पुन्हा वाळवून पुन्हा तोलतात. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की नोंद करतात आणि थांबतात. तिसऱ्यांदा तोलणाऱ्या नव्या मुलींना ती नेहमी रागवत असे.

“होतमअका म्हणाले, अर्ज करणारा एक असो की दोघं, फी तीच.”

ओचाचा हात ताटात थांबला. मागे नदीच्या बाजूने मातीचं ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. दोघींनी तिकडे कान दिला. दुसरं पडलं नाही.

ओचाने ताट खाली ठेवलं. अक्रोड उचलला, अंगठ्याने त्याची शिवण चाचपली आणि तो न फोडता मुनव्वरापुढे ठेवला.

“उद्या सकाळी जाऊ,” ती म्हणाली. “लिही म्हणावं त्याला, माझा फायजअली गेला. आणि अर्जावर पहिलं नाव माझं घालायला सांग.”